सतराव्या नियमातली पोटचिठ्ठी

वामन, तुझ्या कचेरीतले लोक तेराव्याला जेवायला आले होते. हात धुऊन झाल्यावर त्यांतल्या एकाने मला सांगितलं की कारकून मंडळींचं एक छापील पत्रक निघतं, त्यात थोरली बहीण म्हणून तुझ्यावर काही लिहून द्या. चांगलं लिहा, असंही म्हणाला. मी म्हटलं, माझी चौथी झाली आहे, चांगलं लिहायला जमणार नाही, खरं लिहीन. ते हसले. म्हातारी विनोद करते असं त्यांना वाटलं असेल.

तू कधी जन्मलास, कितव्या वर्षी नोकरीला लागलास, ते त्यांच्या पुस्तकात आहे. मला तुझ्याशी बोलायचं आहे ते सतराव्या नियमाबद्दल. ते भांडण आपलं अर्धंच राहिलं. तू जिवंत होतास तोवर मीही ते पुरं केलं नाही, त्याचाही हिशेब मला द्यायचा आहे.

शेवटचे अकरा दिवस तुझी उजवी बाजू गेलेली, तोंड वाकडं झालेलं. डाव्या हाताचं एक बोट तेवढं हलायचं. ते तू सारखं खाटेखालच्या ट्रंकेकडे न्यायचास. मी ट्रंक उघडून धोतर काढलं, ते नको होतं. चष्मा काढला, तो नको. पोथी काढली तेव्हा तू डोळेच मिटलेस. मला वाटलं, माझ्या अडाणीपणाला कंटाळलास. तसा तू आयुष्यभर कंटाळायचासच.

ते काम आलं तेव्हा तू सेहेचाळीसचा होतास आणि मी पंचावन्नची. तुझी बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि माझं कपाळ तर विसाव्या वर्षापासून पांढरं. डोंगरातल्या जहागिऱ्या सरकारने मोडल्या होत्या. त्यांची मोडीतली दप्तरं बैलगाडीत घालून अक्कलकुव्याला कचेरीत आणून टाकली होती. त्यातल्या जमिनींच्या नोंदी बाळबोधीत, नव्या नमुन्यावर उतरवायच्या होत्या. नवीन पोरांना मोडी वाचता येईना. आमच्या वेळी चौथीत मोडी शिकवत, आणि मास्तर माझ्या अक्षराला नावं ठेवत नसत. दोन दिवस तू ते मनात घोळवलंस. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एक दप्तर फडक्यात बांधून घरी आणलंस आणि कणगीमागे ठेवलंस.

बाईमाणसाने सरकारी दप्तराला हात लावलेला कुणाला चालला नसता. म्हणून तू कचेरीत गेलास की मी आतल्या खोलीत कणगीमागे बसायची, ट्रंक पुढ्यात ओढायची आणि उतरवायची. कागदावर नक्कल करणारा म्हणून तुझं नाव. हात माझा. विधवा बाईच्या हातात लोक सूप देतात, झाडू देतात. तू टाक दिलास. त्याचे उपकार मी मानते. पुढे जे लिहिणार आहे त्याने ते कमी होत नाहीत.

तू निळ्या पुठ्ठ्याची वही केली होतीस. तिच्यात नियम. जुन्यात 'मौजे' असेल तिथे 'गाव' लिही. 'वल्द' असेल तिथे पुढचं नाव बापाच्या रकान्यात घाल. चौथा नियम असा की नावापुढची निशाणी सोडून दे, नव्या नमुन्यात तिला रकाना नाही. ज्यांना सही येत नसे त्यांची जुन्या दप्तरात निशाणी असायची. कुणाचा नांगर, कुणाचा तीर, कुणाची कुऱ्हाड. चिमुकलं चित्र. मला ती सोडून द्यायला वाईट वाटायचं, कारण त्या रुक्ष पानांत बघण्यासारखं तेवढंच होतं.

तुझं म्हणणं होतं की नक्कल करणाऱ्याने विचार करायचा नाही. माणूस विचार करायला लागला की प्रत्येकाची नक्कल वेगळी निघते. वही अशी पाहिजे की तिच्यापुढे कुणालाही बसवा, एका पानातून दुसरं पान तसंच्या तसं निघालं पाहिजे. आंधळ्याने दळलं तरी पीठ तेच.

पण साध्या नियमांनी भागेना. मृगापासून सुरू होणारं महसुलाचं जुनं फसली साल आलं आणि माझी गाडी अडली. फसली सालाचं इंग्रजी साल करताना वर्षाच्या पहिल्या महिन्यांत पाचशे नव्वद मिळवायचे, पुढच्या महिन्यांत एक्क्याण्णव. 'हे असेल तिथे ते लिही' एवढ्याने ते होईना. तेव्हा तू एक चिठ्ठी लिहिलीस आणि नवव्या नियमाच्या मधोमध खळीने डकवलीस. 'येथे थांब. महिना पाहा. मृगापासून पौषापर्यंत असल्यास इतके मिळव, नंतरचा असल्यास इतके. मग पुढे चाल.' नियमाच्या पोटातली चिठ्ठी म्हणून तू तिला पोटचिठ्ठी म्हणालास. मुलगा झाल्यासारखा तू त्या दिवशी घरात फिरत होतास.

"जिजी, आते हाऊ नियम सोताच देखस," तू म्हणालास.

"देखस ते ठीक. पन डोया कोना शे?"

"डोया मन्हा, हात तुन्हा."

डोळा तुझा, हात माझा. आपलं घर पुढे चार वर्षं त्यावर चाललं. आणि खोटं कशाला बोलू, चिठ्ठ्या चांगल्या होत्या. बिघ्याचे एकर करताना, दोन गावांची हद्द लागली की, जुनं पान फाटलेलं असलं की काय करायचं, सगळं चिठ्ठीत. मला कधी तुला विचारायला थांबावं लागलं नाही. तू लावून दिलेला तेवढा विचार मी करायची आणि पुढे सरकायची. एक ठरलं होतं की तरीही कुठे हात अडला तर जुन्या पानावर त्या ओळीशी पेन्सिलीचा ठिपका द्यायचा. कचेरीतून आल्यावर तू ठिपके बघायचास आणि रबराने पुसायचास.

सतरावा नियम जहागिरींतल्याच तापीकाठच्या गावांसाठी जन्मला. तिथला जुना कारकून एकाच माणसाला दोनदा लिहून ठेवायचा, एकदा खरिपाला, एकदा रब्बीला. आपल्याच गावचा दगा वल्द उखा तर तीनदा आला. तू पोटचिठ्ठी डकवलीस: 'येथे थांब. त्याच गावची मागची पाने चाळ. तेच नाव व तेच बापाचे नाव आधी आले असल्यास ही नोंद दुबार समज व वगळ. नसल्यास पुढे चाल.' चार गावं त्या नियमाने धुऊन निघाली. दगा एकदाच उरला. आपण दोघं हसलो होतो.

मग पौषात वरच्या गावांचे गठ्ठे आले.

डोंगरातली ठुमली तेव्हाही आपल्याकडे दर बाजाराला यायची, डिंक आणि चारोळी घेऊन. मी तिला ओट्यावर बसवून पाणी द्यायची. तिच्याकडून मला कळलं होतं की त्यांच्यात पोर ज्या वाराला होतं त्या वाराचं नाव त्याला ठेवतात. सोम्या, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या. मी तिची चेष्टा केली होती की तुमच्या पाड्यावर हाक मारली की अर्धा पाडा उठत असेल. ती म्हणाली, उठतो, मग ज्याचं काम असेल तो येतो.

ते मी तुला संध्याकाळी भाकरी वाढताना सांगितलं. वर सगळ्या माणसांना मिळून सात नावं आहेत, सतरावा नियम तिथे चालायचा नाही. आणखी एक चिठ्ठी डकव, की डोंगरातलं गाव असेल तर वगळण्याआधी विचार.

"कोनले इचारसी? वर जावाले दोन दिन, येवाले दोन दिन. आठे गठ्ठाना ढीग पडेल शे." मग बोटं चाटत तू म्हणालास, "नियमले डोया पुरे. तोंड दिधं ते तो बोलतच बशी."

तुझ्या बोलण्याला उत्तर मला नेहमी दुसऱ्या दिवशी सुचायचं.

उंबरपाटी नावाच्या गावाचं दप्तर मी उतरवत होते. एका पानावर बुध्या वल्द मंगळ्या आला, तो मी उतरवला. तीन पानं पुढे पुन्हा बुध्या वल्द मंगळ्या. चिठ्ठी म्हणाली थांब, मी थांबले. चिठ्ठी म्हणाली मागे बघ, मी बघितलं. तेच नाव, तोच बाप, तेच गाव. चिठ्ठीप्रमाणे दुसरा बुध्या नव्हताच.

पण पहिल्याच्या नावापुढे तीर काढलेला होता आणि दुसऱ्याच्या नावापुढे विळा.

हे मी तुला कधी सांगितलं नाही. आज सांगते. चौथ्या नियमाने निशाण्या आधीच टाकून दिल्या होत्या, म्हणून सतराव्याला त्या दिसत नव्हत्या. मला दिसत होत्या. ती दोन माणसं आहेत हे मला लख्ख कळलं. एक माणूस तीन पानांत तीर टाकून विळा धरत नाही. मी जुन्या पानावर विळ्याशी ठिपका दिला, नोंद वगळली आणि पुढच्या ओळीवर गेले. दुपार झाली होती, ज्वारी निवडायची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर ठिपका पुसलेला होता, आणि तू काही बोलला नाहीस. तू नीट बघून पुसलास की न बघता, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू काहीतरी उत्तर दिलं असतंस, आणि मग ते मला माहीत झालं असतं.

तुझ्या शेवटच्या नियमाप्रमाणे नक्कल मुळाशी ताडून ताळा झाला की मूळ दप्तर धुळ्याला जायचं आणि तिथून लगद्याला. ते गेलं.

गुजरात आणि आपलं राज्य वेगळं झालं, त्यानंतर दोन पावसाळे गेले. एका बाजारच्या दिवशी ठुमली आली ती दोन पुरुषांना घेऊन. एक उंच, एक बुटका. बुटका तिचा नवरा. इतकी वर्षं ती येत होती, पण तिच्या नवऱ्याचं नाव मी कधी विचारलं नव्हतं. तू ओट्यावर खुर्ची टाकून बसला होतास. तू उंचाला नाव विचारलंस. बुध्या. बापाचं? मंगळ्या. गाव? उंबरपाटी. मग बुटक्याला विचारलंस. तोही तेच म्हणाला. मी दारामागे उभी होते. माझ्या हातातली वाटी तशीच राहिली.

उंच बुध्या बोलला. दुसऱ्याला बोलायची सवय दिसत नव्हती. त्या दुसऱ्याची उभी ज्वारी उपटून जंगल खात्याने तिथे सागाची रोपं लावली होती. कागदावर ती जमीन कुणाचीच नाही, पड आहे, असं त्यांना सांगितलं गेलं होतं. उंच बुध्याच्या जमिनीला कुणी हात लावला नव्हता. तरी तो दोन दिवस चालून त्याच्याबरोबर आला होता.

"हा पण बुध्या, मी पण बुध्या," तो म्हणाला. "कागदात एकच. दुसरा कुठे ठेवला, साहेब?"

तू उठून आत आलास, कागद घेतलास आणि अर्ज लिहिलास. सुरेख अर्ज होता. दोघांनी अंगठे दिले. महिन्याभराने वरून उत्तर आलं की मूळ दप्तर नष्ट झालं आहे, तेव्हा ज्याने नक्कल केली त्याने शपथेवर सांगावं, जुन्या दप्तरात दुसरी नोंद पाहिली होती की नाही.

नक्कल केली होती मी. कागदावर होतास तू. मी बोलले असते तर पहिला प्रश्न आला असता की सरकारी दप्तर बाईच्या हातात कुणी दिलं. तुला पेन्शन बसायला दोन वर्षं उरली होती, आणि या वयात तुला घालवलं असतं तर आपण दोघं तापीकाठी चुलत्यांच्या दारात उभे राहिलो असतो. तू उत्तरात काय लिहिलंस ते मला माहीत आहे, कारण ते टिपून वाळवायला मीच घेतलं होतं. 'स्मरत नाही.' दोनच शब्द.

त्या दिवशी आपलं कडाक्याचं झालं. नियम बरोबर होता, असं तू पुन्हा पुन्हा म्हणालास. नियम बरोबर, मजकूरच नियमात बसणारा नव्हता, त्याला नियम काय करणार. मी विचारलं, "त्याना बापनी नाव ठेवं ते काय तुन्हा नियमले इचारीसन ठेवं का?" तू ताट सारून उठलास. तू ओरडलास, मी ओरडले, आणि ज्यावर ओरडायला हवं होतं तेवढंच दोघांनी बाजूला ठेवलं. मी विळ्याचं नाव काढलं नाही. मला वाटत होतं, तुला काही माहीत नाही, आणि मी बोलले तर तुला शपथेवर खरं बोलावं लागेल. मी तुला वाचवते आहे असं मी स्वतःला समजावत होते.

ठुमलीचा बुध्या त्या वर्षी गुजरातेत ऊस तोडायला गेला. आधी कधी गेला नव्हता, घरची ज्वारी पुरत होती. उसाने भरलेली गाडी उतारावर उलटली, तो खाली सापडला. त्याला तिकडेच जाळलं. ठुमलीने हे सगळं मला ओट्यावर बसून, डिंक मोजता मोजता सांगितलं. रडली नाही. मी डिंक घेतला. तुला सांगितलं तेव्हा तू अंगरखा घालून बाहेर गेलास आणि दिवे लागायच्या वेळी परत आलास. त्यानंतर तू तुझ्या पोटचिठ्ठ्यांबद्दल कधी बोलला नाहीस. मला तेव्हा तुझी कीव आली होती. आज येत नाही.

तुझ्या बाराव्याला ठुमली आली होती. वाटीभर चारोळी घेऊन, चार पायल्या विकायच्या सोडून. साहेबांनी आमचा अर्ज लिहिला होता, म्हणाली. मी ती वाटी कुठे ठेवू ते मला कळेना.

तेराव्याला जेवलेल्यांपैकी एकाला तुझी निळी वही हवी आहे. अक्राणीच्या बाजूची काही जुनी दप्तरं अजून उतरवायची राहिली आहेत आणि तुझ्यासारखी वही पुन्हा कुणाला जमली नाही, असं तो म्हणाला. मला बरं वाटलं, खोटं नाही सांगत. गेल्या आठवड्यात मी ट्रंक उघडली. वही तळाला होती, तुझ्या लग्नाच्या उपरण्यात गुंडाळलेली.

सतरावा नियम काढला. पोटचिठ्ठी होती तशीच होती, पण फुगलेली वाटली. खळ सुटली होती. तिला नुसती वरच्या कडेला चिकटवून तिच्याखाली आणखी एक चिठ्ठी ठेवलेली होती. तुझं अक्षर, मोडीत. शाई विटकरी झालेली. वर एक तीर काढलेला, त्याच्याखाली एक विळा. तुला चित्रं काढता येत नसत, तरी विळा विळ्यासारखा आला होता. खाली लिहिलं होतंस: 'उंबरपाटी. पान बेचाळीस व पंचेचाळीस. निशाण्या वेगळ्या. ठिपका जिजीचा.'

म्हणजे तू त्याच संध्याकाळी बघितलं होतंस. दप्तर हातात असतानाच निशाण्या उतरवून घेतल्यास, मग ठिपका पुसलास. बुध्या ओट्यावर उभा राहिला तेव्हा ही चिठ्ठी तुझ्याजवळ होती. 'स्मरत नाही' लिहिलंस तेव्हाही होती. मी पाहिलं आहे हे तुला माहीत होतं, आणि तू मला विचारलं नाहीस. मी तुझ्यापासून जे लपवत होते ते तू माझ्यापासून लपवत होतास. एका ताटात चटणी खाऊन.

का, ते मी आता कुणाला विचारू? वर जायला दोन दिवस लागत होते म्हणून? एक नोंद उघडली असती तर वरची सगळी गावं पुन्हा उघडावी लागली असती म्हणून? की तूही मला वाचवत होतास? ते शेवटचं असेल तर फार वाईट. आणि मग चिठ्ठी जाळली का नाहीस? अकरा दिवस बोट कशाला दाखवत होतास? मूर्खासारखी मी धोतरं काढत बसले.

आज सकाळी ज्वारीच्या पिठाची खळ केली. सतराव्या नियमात माझी एक चिठ्ठी डकवली. 'येथे थांब. निशाणी पाहा. वेगळी असल्यास वर जा व माणसाला विचार.' नियमाला तोंड दिलं तर तो बोलत बसेल, म्हणाला होतास. बसू दे. चौथा नियम मी काट मारून काढून टाकला आहे. वही त्या माणसाला मिळेल, पण तुझी तीर-विळ्याची चिठ्ठी तिच्यात नसेल. ती माझ्या कमरेला आहे.

उद्या बाजार आहे. ठुमली येईल. उंच बुध्या अजून आहे, त्यालाही आणायचा निरोप दिला आहे. आम्ही तिघं मामलेदारापुढे जाणार. मी सांगणार आहे की ती नक्कल माझ्या हातची आहे, दुसरी नोंद मी पाहिली, विळा पाहिला, आणि वगळली. तुझी चिठ्ठी मी पुढे ठेवीन. त्यात तुझं नाव जाईल, लोक थुंकतील, त्यातलं थोडं माझ्यावर पडेल. साग आता माणसाच्या डोक्यावर गेला आहे, ती जमीन ठुमलीला मिळेल असं मला वाटत नाही. पण त्या गावच्या कागदात बुध्या दोन होते एवढं तरी लिहून घ्यावं लागेल. तुझी नोकरी आता कुणी घेऊ शकत नाही. मला कोण काय करणार?

पत्रकवाल्यांना मी हेच देणार आहे. छापतील तर छापोत. याची एक नक्कल करून मी घरात ठेवली आहे. ताळा घेतला, वामन. काही वगळलेलं नाही.